टेकणे आणि भार टाकणे

पाचवीतली माझी भाची इंग्रजी बायबल वाचत होती. फारोच्या स्वप्नातल्या सात ‘लीन’ गाईंपाशी ती अडली. “मामा, त्या गाई तिरप्या उभ्या होत्या का?” मला हसू आले. उत्पत्तीच्या ४१व्या अध्यायातल्या त्या गाई रोडावलेल्या होत्या. पण पोरीचे चुकले नव्हते. जुन्या इंग्रजीत रोड या अर्थाचा एक आणि टेकणे, कलणे या अर्थाचा दुसरा, असे दोन वेगळे शब्द होते. उच्चार झिजत झिजत ते एकसारखे झाले. (आपला ‘लीन’ म्हणजे नम्र, तो तर तिसराच!)

भाचीची शंका फिटली, मी मात्र दुसऱ्या शब्दापाशी थांबलो. आपण भिंतीला टेकतो, आरामखुर्चीत रेलतो. तराजू कलतो, मन एखाद्याकडे झुकते. इंग्रजीत या साऱ्याला तो एकच शब्द चालतो. त्याला ‘ऑन’ जोडले की आणखी दोन अर्थ निघतात. एखाद्याच्या आधाराने राहणे हा एक, आणि एखाद्यावर दबाव आणून हवे ते करून घेणे हा दुसरा. दोन्हीत आपला भार दुसऱ्याच्या अंगावर असतो.

यशयाच्या ३६व्या अध्यायात मिसर देशाला चेचलेल्या बोरूची उपमा आहे. त्यावर टेकणाऱ्याच्याच तळहातात तो घुसतो. तिथे टेकणाऱ्याच्या हाताचा विचार आहे. बोरूचे काय होते, हे आपणही सहसा विचारत नाही.

आधार घेण्यात लाज कसली? आपल्या वसईच्या वाड्यांत केळीला लोंगर आला की टेकू देतात. ती किडकी असते म्हणून नव्हे, फळाचे ओझे आलेले असते म्हणून. म्हातारे आईबाप मुलांना टेकतात ते तसेच. पण “तुझ्यासाठी आम्ही काय नाही केले?” हे रोज जेवताना ऐकवले, की खांद्यावरचा हात मानगुटीवर जातो.

बंधुभगिनींनो, हे वाक्य मीही बोललो आहे. मुलाला परदेशी नोकरी मिळत होती, तो गेला नाही. तो स्वखुशीने थांबला की माझ्या भाराने, हे त्याला विचारण्याचे धाडस मला अजून झालेले नाही. घरात कोणी तो विषय काढत नाही.

गेथशेमनी बागेत प्रभूलाही सोबत हवी होती. तिघा शिष्यांना त्याने जागे राहायला सांगितले. परत येऊन पाहतो तो ते झोपलेले. तुम्हांला घटकाभरही जागवले नाही का, असे त्याने पेत्राला विचारले. दुसऱ्यांदा आला तेव्हाही ते झोपलेलेच होते. मत्तय सांगतो, त्याने त्यांना तसेच निजू दिले आणि तो पुन्हा एकटाच प्रार्थनेला गेला.