ज्यांना राखलं नाही, त्यांचं काय?

वचन : मत्तय 2:13-18



आज 28 डिसेंबर 2020. हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या लहान मुलांची आठवण अनेक मंडळ्या आज करतात. आपल्या नाताळच्या नाटकात मेंढपाळ येतात, मागी लोक येतात आणि पडदा पडतो. पुढचा प्रवेश आपण करत नाही. यंदा मी तोच पुन्हा पुन्हा वाचतोय.

सप्टेंबरमध्ये आमच्या घरात चौघांनाही कोविड झाला. बाबांचा ऑक्सिजन 88 पर्यंत उतरला. बेड मिळाला आणि अकरा दिवसांनी ते घरी आले. तेव्हा चर्च बंदच होतं, उपासना झूमवर व्हायची. मी साक्ष दिली, "आम्ही प्रार्थना केली आणि प्रभूने आम्हाला राखलं." चॅटमध्ये आमेन, हालेलूयाची रांग लागली.

संध्याकाळी मंडळीतल्या एका मावशींचा फोन आला. त्यांचे यजमान ऑगस्टमध्ये कोविडनेच गेले. आवाजात राग नव्हता. म्हणाल्या, "साक्ष चांगली दिलीस बाळा. बाबा बरे झाले, आनंद वाटला. फक्त एक विचारू? प्रार्थना तर आम्हीपण केली होती. मग आम्हाला राखायचं राहून गेलं का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

आमच्या कामात एक धडा लवकर मिळतो. बंद पडलेला सर्व्हर लॉग पाठवत नाही, म्हणून फक्त चालू सर्व्हरचे लॉग बघून "सगळं ठीक आहे" म्हणणारा इंजिनिअर फसतो. साक्षीच्या सभेतही तेच होतं. जे वाचले ते बोलतात. बाकीचे कॅमेरा बंद करून ऐकतात.

मत्तय तसं करत नाही. योसेफाला स्वप्नात इशारा मिळाला आणि तो रातोरात बाळाला व मरीयेला घेऊन मिसर देशात गेला. गावातल्या इतर बापांना तसं स्वप्न पडल्याचं मत्तय सांगत नाही. असं का, हेही सांगत नाही. पण त्यांचं दुःख तो लपवत नाही. येशू वाचला हे लिहिताना तो राहेलचं रडणंही लिहून ठेवतो. ते त्याने यिर्मया 31:15 मधून घेतलंय. तिथे पुढच्याच वचनांत देव आशा देतो, पण मत्तय रडण्यापाशी थांबतो. राहेल सांत्वन नाकारते आणि तिला कोणी "तुझा विश्वास कमी पडला" असं म्हणत नाही.

मग आभार मानायचेच नाहीत का? मानायचे. बाबा समोर बसून चहा पितात, तेव्हा गप्प राहणं हा कृतघ्नपणा होईल. पण "राखलं" म्हणताना मी नकळत एक हिशेब मांडला होता : आमची प्रार्थना पोचली, त्यांची नाही. तो हिशेब चुकीचा आहे. कारण बेथलेहेममधून वाचलेलं ते बाळ मोठं होऊन जवळच्याच यरुशलेमात आलं. त्याच्यासाठी पुन्हा एक स्वप्न पडलं, या वेळी पिलाताच्या बायकोला (मत्तय 27:19). सुटका मात्र झाली नाही. देवाचा प्रिय पुत्रच जर मरणापासून राखला गेला नाही, तर जे गेले ते देवाला कमी प्रिय होते असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यंदा नाताळच्या उपासनेला एका वेळी पन्नासच जणांना परवानगी होती. मावशी आल्या नाहीत. संध्याकाळी करंज्यांचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. मास्क लावून दाराशी बसलो आणि काकांबद्दल विचारलं. त्या तासभर बोलल्या. दरवर्षी काका स्वतः कामट्या बांधून चांदणी करायचे. यंदा दारावर चांदणी नव्हती. मी एकही वचन सांगितलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटेल म्हणून हल्ली कोणी यांचं नावच काढत नाही."

प्रियांनो, या वर्षात तुम्हाला राखलं असेल तर साक्ष जरूर द्या. पण आधी एकदा विचार करा, ऐकणाऱ्यांत राहेल कोण आहे? जमलं तर साक्ष देण्याआधी तिला फोन करा.

प्रार्थना : प्रभू, आम्हाला राखलंस त्याबद्दल तुझे आभार. आमच्या आनंदाने कोणाचं रडणं दाबलं जाऊ नये. जे उत्तर आमच्याकडे नाही, ते दिल्याचा आव आम्ही आणू नये. रडणाऱ्यांजवळ बसायला आम्हाला शिकव. आमेन.