खोट्या आकड्यांचा अधिकार

मिथ्या गोष्टीतून सत्याचे ज्ञान होऊ शकते का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्य तो पूर्वपक्ष म्हणून घेतात: जगच मिथ्या, तर त्यातलेच वेदान्तवाक्य सत्य ब्रह्माचा बोध कसा करून देणार? त्यांच्या उत्तरातला एक दाखला लिपीचा आहे. ओढलेल्या रेघा म्हणजे 'अ' हा वर्ण नव्हे. तरीही रेघांना 'अ' मानूनच खऱ्या वर्णाची ओळख पटते. डेटा-विश्लेषणाची प्रणाली शिकवताना जो तयार नमुना-डेटा बसवतात, त्याच्याबाबत हाच प्रश्न उभा राहतो. तो निव्वळ तांत्रिक समजून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

किबाना या प्रणालीचे उदाहरण घेऊ. तिच्यात ऑनलाइन दुकानाच्या ऑर्डरी, विमानोड्डाणे आणि वेबसाइटच्या नोंदी असे तीन नमुना-संच मिळतात. एक बटण दाबले की डेटा भरला जातो, आलेख तयार होतात, सजवलेला डॅशबोर्ड समोर येतो. यातली एकही ऑर्डर कोणी दिलेली नाही, एकही विमान उडालेले नाही. पण निर्मात्यांनी एक प्रामाणिकपणा राखला आहे: विमान कंपन्यांची नावे 'किबाना एअरलाइन्स', 'लॉगस्टॅश एअरवेज' अशी आहेत, म्हणजे खोटेपणा आपली ओळख स्वतःच सांगतो. दुसरी सोय मात्र उलट दिशेची आहे. नोंदींच्या तारखा बसवण्याच्या दिवसाप्रमाणे सरकवल्या जातात, त्यामुळे सारे काही आजचे भासते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: शिकायचेच तर आपल्याच खऱ्या डेटावर का शिकू नये? कारण तिथे आकडा चुकला, तर चूक डेटाची की आपल्या प्रश्नाची, हे नवशिक्याला कळत नाही. शिवाय खऱ्या नोंदींमागे खरी माणसे असतात, आणि त्यांचे व्यवहार ही सरावाची सामग्री नव्हे. रचलेल्या आकड्यांनी खरे शिकवता येते, याचा पुरावाही आहे. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम्ब यांनी 1973 मध्ये चार लहान संच मुद्दाम रचले. प्रत्येकात 11 बिंदू. सरासरी, प्रचरण आणि प्रतिगमन रेषा जवळपास सारखीच. पण आलेख काढले की चारही पूर्णपणे निराळे. आकडे बनावट होते. आलेख न पाहता निष्कर्ष काढू नये हा धडा मात्र खरा होता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. नमुना नमुना आहे हे ठाऊक असताना भ्रम कुठला? बसवणाऱ्याला ते ठाऊक असते, हे खरे. पण डॅशबोर्ड बैठकीत पडद्यावर येतो तेव्हा पाहणाऱ्यांना ठाऊक असेलच असे नाही. म्हणूनच अद्वैतात अध्यारोपाबरोबर अपवाद येतो. गीतेच्या तेराव्या अध्यायावरील भाष्यात आचार्य ही परंपरेची पद्धत म्हणून सांगतात. आधी समजावण्यासाठी आरोप करायचा, मग तो मागे घ्यायचा. मागे घेतला नाही, तर शिकवण अर्धवट राहते आणि आरोप तेवढा मागे उरतो.

किबानात अपवादाची सोय आहे: जिथून नमुना बसवला तिथूनच तो काढता येतो. पण डॅशबोर्डची प्रत कोणी दुसऱ्या नावाने जतन केली असेल, तर ती मागे राहते आणि नसलेला डेटा शोधत बसते. काही आठवडे गेले की 'गेले 7 दिवस' दाखवणारे आलेख आपोआप रिकामे होतात, त्यामुळे काम संपले असे वाटते. डेटा मात्र जागेवरच असतो. माझ्या मते नमुना बसवायचा तो सरावाच्या वेगळ्या जागेतच, आणि काढण्याची तारीख व जबाबदार माणूस त्याच वेळी ठरवून. तुमच्या संस्थेच्या प्रणालीत असा संच पडून असेल, तर तो कोणी व कशासाठी ठेवला हे विचारा. उत्तर मिळाले नाही, तर त्याच्या प्रतींसकट काढून टाका.