दिसला नाही, म्हणून?

आमच्यापैकी बरेच जण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम करतो. मागे एका सुटीच्या दिवशी आम्ही काही मंडळी पहाटेच दाजीपूरला निघालो. गवा पाहायचाच, असे ठरवून! गव्यांसाठी १९५८ साली राखलेले हे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरवर पसरले आहे.

सोबत गावातलाच गाईड होता. लाल मातीत ताजे खूर दिसले, शेण दिसले. सड्यावर मात्र नुसते धुके. गवा काही दिसेना. शेवटी आमच्यातला एक जण म्हणाला, "पैसे भरल्यात न्हवं? गाडी जरा आत घाला की."

गाईड शांतपणे म्हणाला, "आत त्यांचं घर हाय, साहेब."

आम्हाला रागच आला. कारखान्यात आम्ही शिफ्टअखेर नग मोजतो. माल घातला की नग बाहेर पडलाच पाहिजे. तोच हिशेब आम्ही जंगलालाही लावत होतो. पण तिकिटाने आपण काय विकत घेतो? वाटेवरून जाण्याची परवानगी. गवा त्यात येत नाही.

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला होता. बघ्यांची गर्दी झाली, मोबाईल निघाले, आरडाओरडा झाला. भेदरलेले ते जनावर तासन्‌तास धावत राहिले आणि पकडल्यानंतर मेले. त्या गर्दीत कोणाला त्याला मारायचे होते? सगळ्यांना फक्त पाहायचे होते.

मग पाहणे वाईट का? तसे नाही. माणूस पाहतो म्हणून त्याला माया वाटते, आणि येणाऱ्यांमुळे त्या गाईडच्या घरची चूलही पेटते. पण आपली हौस समोरच्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली की पाहणे हा त्रास होतो.

हे जंगलापुरतेच नाही. आपल्या हायवेवर अपघात झाला की आपण गाडी थांबवतो. हात द्यायला, की पाहायला? खरे सांगायचे तर आम्हीही त्या घोळक्यात नुसते उभे राहिलो आहोत.

त्या दिवशी आम्ही गवा न पाहताच परतलो. आमच्यामुळे त्याची सकाळ मात्र बिघडली नाही. पुढच्या वेळी रस्त्यात घोळका दिसेल, तेव्हा आपण सर्वांनी स्वतःला विचारावे: माझ्या तिथे असण्याने त्या माणसाला आधार होईल, की त्रास?