मोडलेली शपथ आणि मंदिराची पायरी

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी काहीजण कार्यालयात येऊन एक वेगळीच विनंती करतात. "आमच्या मालकांना श्रींपुढे दारू सोडण्याची शपथ घ्यायची आहे, गुरुजींना सांगता का?" बोलणारी बहुधा पत्नी किंवा आई असते. ज्याने शपथ घ्यायची, तो मागे खाली मान घालून उभा असतो. नारळावर हात ठेवून तो 'आजन्म शिवणार नाही' असे म्हणतो व घरची मंडळी प्रसाद घेऊन समाधानाने परततात.

काहींची शपथ टिकते. माळ घातल्यावर दारू कायमची सुटली, अशी माणसे वारकऱ्यांत गावोगावी भेटतात. परंतु पंचक्रोशीतील एक गृहस्थ शपथेनंतर पाचव्या महिन्यात घसरले. दर एकादशीस न चुकता येणारे ते, पुढे चार वर्षे मंदिराकडे फिरकले नाहीत. एकदा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "कोणत्या तोंडानं येऊ? देवाला फसवलंय मी." पिणे मात्र दुप्पट झाले होते. जी शपथ माणसास देवाजवळ आणण्यासाठी, तीच त्याला देवापासून दूर नेत असेल, तर चुकले कोठे?

वैद्यकशास्त्र मद्यासक्तीस आजार मानते. मद्य सुटल्यावरही ओढ दीर्घकाळ राहते आणि पुन्हा घसरणे अनेकांच्या वाट्यास येते. मधुमेही माणसाची साखर वाढली तर त्यास कोणी पापी म्हणत नाही. अर्थात एवढ्याने जबाबदारी संपत नाही. आजाराचे नाव घेऊन पत्नीच्या अंगावरचे वळ पुसले जात नाहीत. आजार त्याने मागून घेतला नसेल, उपचारास जाणे मात्र त्याच्याच हाती आहे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यासक्तांच्या भेटीतून सुरू झाली. तिच्यात येण्यास पिणे थांबविण्याची इच्छा, एवढीच अट आहे. तेथे आजन्माची भाषा नसते, फक्त आजचा दिवस. घसरलेला मनुष्य पुन्हा सभेस येतो व पहिल्या दिवसापासून मोजू लागतो. आपल्याकडे डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तेव्हापासून असंख्य घरे सावरली आहेत. या मंडळींकडून आम्हां देवस्थानवाल्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आणखी एक गोष्ट आम्हांस उशिरा कळली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी थांबविल्यास हातपाय कापतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून आता शपथेआधी "डॉक्टरांना दाखविले का?" असे आम्ही विचारतो व १४४४६ हा शासनाचा व्यसनमुक्ती मदत क्रमांक लिहून देतो. गुरुजीही आता 'आजन्म' ऐवजी 'आज' म्हणवून घेतात. काही जुन्या मंडळींस हे रुचले नाही.

ते गृहस्थ गेल्या कार्तिकीस आले. गाभाऱ्यात गेले नाहीत, पायरीवरच बसून राहिले. "आज घेतलेली नाही, एवढंच सांगतो," म्हणाले. गुरुजींनी तीर्थ तेथेच नेऊन दिले.