आपली सुरक्षितता आणि परक्याचा जीव

स्वतःच्या जिवाचे रक्षण करणे हा मनुष्याचा हक्क आहे, याविषयी कोणत्याही नीतिशास्त्राने फारशी शंका घेतलेली नाही. शंका येते ती पुढच्या पायरीवर. आपल्या रक्षणासाठी योजलेला उपाय जर दुसऱ्याच्या जिवावरचा धोका वाढवीत असेल, आणि तो दुसरा मनुष्य आपला शत्रू नसून केवळ त्याच रस्त्याने जाणारा एक वाटसरू असेल, तर तो उपाय योजण्याचा हक्क आपणांस कितपत पोचतो? प्रश्न जुना आहे. परंतु हल्ली तो मोटारीच्या शोरूममध्ये रोज उपस्थित होतो आणि तेथे तो कोणी विचारीत नाही. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करावयाचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच सांगितलेले बरे की, आम्ही मोटारींचे शौकीन आहोत. केंद्र सरकारच्या कारकुनाने मोटारींचा शौक करावा यात कोणास विसंगती वाटेल. पण शौकाला वेतनश्रेणी नसते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या भारत मंडपमात मोटारींचे प्रदर्शन भरले, तेव्हा रजा टाकून आम्ही ते पाहून आलो. यंत्रांची प्रगती पाहून मन खरोखरच प्रसन्न झाले. मात्र एक गोष्ट लक्षात आल्यावाचून राहिली नाही. दालनामागून दालने आम्ही ओलांडली, पण आमच्या कमरेइतक्या उंचीचे बॉनेट असलेली लहानशी गाडी क्वचितच दृष्टीस पडली. जिकडे तिकडे उंच छातीच्या, रुंद बांध्याच्या, रणगाड्याची आठवण करून देणाऱ्या गाड्या उभ्या होत्या. त्यांपैकी ज्या विजेवर चालणाऱ्या होत्या, त्यांच्या पोटात आणखी काही शे किलो वजनाची बॅटरी होती.

हा काही एका प्रदर्शनाचा योगायोग नव्हे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली, त्या गाडीचे वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास होते. मध्यमवर्गाच्या एका संपूर्ण पिढीने तिच्यातून प्रवास केला आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबॅसडरही थांबली. २००८ मध्ये टाटांची नॅनो लोकांपुढे आली. पावसात स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना तिची कल्पना सुचली, हे सर्वश्रुत आहे. दहा वर्षांत तीही थांबली. आज देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक ‘एसयूव्ही’ आणि तत्सम वर्गातल्या असतात. चाळीस वर्षांत आपला आदर्श दुप्पट जड आणि हातभर उंच झाला.

यामागे केवळ दिखाऊपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या सरकारी वसाहतीतील एका स्नेह्यांनी नुकतीच कर्ज काढून अशी एक गाडी घेतली. पगाराच्या मानाने हप्ता मोठा आहे. आम्ही सहज विचारले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, गावी जायचे म्हणजे चौदाशे किलोमीटरचा हमरस्ता. समोरून ट्रक, मागून ट्रक. दोन लेकरे घेऊन पत्र्याच्या डब्यात बसवत नाही.” या उत्तराला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही. परप्रांतात राहणाऱ्या, वर्षातून एकदा सहकुटुंब घराकडे निघणाऱ्या प्रत्येक नोकरदाराच्या मनात ही भीती आहे, आणि आपल्या लेकरांविषयीचे कर्तव्य हे काही लहान कर्तव्य नव्हे. आमचा वाद त्यांच्या हेतूशी नाही. त्या हेतूच्या पूर्तीसाठी जे साधन आपोआप योग्य मानले जाते, त्याविषयी आम्हांला बोलावयाचे आहे.

प्रथम यंत्रशास्त्र काय सांगते ते पाहू. नऊशे किलोंची एक गाडी आणि अठराशे किलोंची दुसरी, दोन्ही ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या असे समजा. शाळेत शिकलेल्या संवेगाच्या नियमानेच हिशेब करता येतो. जड गाडीच्या वेगात सुमारे तेहतीस किलोमीटरचा फरक पडतो. हलक्या गाडीच्या वेगात सदुसष्ट किलोमीटरचा. आतील माणसांच्या हाडामांसाला जो धक्का बसतो तो या फरकाचा. एकूण आघात नाहीसा झाला नाही. जड गाडीने स्वतःचा वाटा कमी करून तो समोरच्याच्या पदरात टाकला. दोन्ही गाड्या नऊशे किलोंच्या असत्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला पन्नास आले असते. आणि समोर मोटारच नसून सायकलस्वार किंवा पादचारी असेल, तर वाटणीचा प्रश्नच उरत नाही. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचे बॉनेट चाळीस इंचांहून उंच आहे त्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, तीस इंचांच्या व उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेने, सुमारे पंचेचाळीस टक्क्यांनी अधिक असतो. बुटकी गाडी माणसाच्या पायांवर आदळते. उंच गाडी छातीवर, आणि मूल असेल तर डोक्यावर.

आता आपल्या देशात रस्त्यावर मरते कोण? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि १९.५ टक्के पायी चालणारी. म्हणजे शंभरातील चौसष्ट माणसांभोवती पत्र्याचा डबादेखील नव्हता. ज्या देशात अशी स्थिती आहे तेथे वजनाच्या जोरावर मिळविलेली सुरक्षितता ही बहुतांशी या चौसष्ट जणांच्या खात्यातून काढलेली असते. त्यांनी या व्यवहाराला संमती दिलेली नाही. त्यांना तो झाल्याचे कळतही नाही.

यावर एक आक्षेप येईल. ट्रक तर रस्त्यावर आहेतच. मग आम्हीच हलके का राहावे? पण आक्षेप तपासून पाहता टिकत नाही. पंचवीस-तीस टनांच्या ट्रकपुढे एक टन काय आणि दोन टन काय, वजनाच्या हिशेबात दोन्ही क्षुद्रच. तेथे जीव वाचतो तो वेग आटोक्यात ठेवल्याने, बांधलेल्या सीटबेल्टने, एअरबॅगने, आणि आतली चौकट मजबूत असल्याने. या गोष्टी मोठ्या गाडीची मिरास नव्हेत. चार मीटरांहून कमी लांबीच्या अल्ट्रोझ या गाडीला २०२० मध्ये, आणि तशाच लांबीच्या नव्या डिझायरला २०२४ मध्ये, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले. मजबूत असण्यासाठी उंच आणि अवजड असावेच लागते, हा समज चुकीचा असल्याचे एवढ्यावरून सिद्ध होते. खड्डे आणि पावसाळ्यातील पाणी यांमुळे गाडीचे पोट जमिनीपासून थोडे वर असावे, ही मागणी मात्र आम्ही रास्त मानतो. परंतु पोट वर असणे आणि नाक भिंतीसारखे उभे असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ताऱ्यांविषयीही येथे एक शब्द सांगितला पाहिजे. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली, हे उत्तमच झाले. पण त्या ताऱ्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी चौसष्ट किलोमीटरच्या वेगाने एका दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवितात. म्हणजे ती जवळजवळ आपल्याच वजनाच्या गाडीवर आदळल्यासारखी असते. गुण मोजले जातात ते आत बसलेल्या मोठ्या माणसांच्या आणि मुलांच्या रक्षणाचे. पादचाऱ्याला होणाऱ्या इजेविषयी एक किमान मानक पाळावे लागते, पण त्याचे निराळे तारे नाहीत. गाडी स्वतःच्या माणसांना किती जपते हे तारे सांगतात. ती परक्याला किती घातक आहे, हे त्या तक्त्यातून ग्राहकाला उमगत नाही. आमच्या मते तोही रकाना असावा, आणि तो आतल्या ताऱ्यांच्या शेजारीच छापलेला असावा.

कायद्याची दृष्टीही येथे अपुरी पडली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतील लहान गाड्यांवरील उत्पादनशुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळांवर आणले गेले. हेतू चांगला होता. पण सवलतीची अट लांबीची आणि इंजिनाच्या आकाराची होती. उंचीची किंवा वजनाची नव्हती. कारखानदारांनी लांबी चार मीटरांच्या आत ठेवली आणि गाडी वरच्या दिशेने वाढविली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले, त्यांतही लहान गाडीची व्याख्या लांबीनेच होते, आणि बुटक्या गाडीला व चार मीटरांत बसविलेल्या उंच गाडीला एकच अठरा टक्के कर पडतो. फायलींत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यास हे नवल वाटत नाही. नियम जे मोजतो तेवढेच पाळले जाते, आणि जे मोजीत नाही ते वाढते.

तरीही सरकारने हा भेद मुळीच ओळखला नाही असे नाही. गाड्यांच्या पुढे लोखंडी दांड्यांचा पिंजरा बसविण्याची एक फॅशन होती. २०१७ च्या डिसेंबरात मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून हे पिंजरे बेकायदा असल्याचे कळविले आणि कारवाई करण्यास सांगितले. कारण हेच की, ते पादचाऱ्याला घातक होते. (ते आतल्यांनाही धोक्याचे होते, कारण त्यांच्यामुळे एअरबॅग वेळेवर उघडत नाही.) त्या पत्रामागील तत्त्व आम्हांला मोलाचे वाटते. स्वतःच्या गाडीला आपण काय लावावे हा केवळ आपला खाजगी प्रश्न नाही, असे त्यात गृहीत धरलेले होते. पिंजऱ्याला लागू पडणारे तत्त्व कारखान्यातूनच तशा आकारात येणाऱ्या नाकाला का लागू पडू नये, याचे उत्तर आम्हांला सापडलेले नाही.

येथे सुरक्षिततेचे दोन प्रकार वेगळे करता येतात. काही साधने धोका खरोखरच कमी करतात. चाके न अडकता गाडी थांबविणारे ब्रेक आतल्याला वाचवितात तसे बाहेरच्यालाही. तीन टोकांचा सीटबेल्ट १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी सिद्ध केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखानदारांना मोकळे केले. त्यामुळे किती जीव वाचले असतील! एकाच्या पट्ट्याने दुसऱ्याचे काही बिघडत नाही. दुसऱ्या प्रकारची साधने धोका कमी न करता फक्त इकडून तिकडे ढकलतात: अनावश्यक वजन, उभे नाक, समोरच्याचे डोळे दिपविणारे दिवे. पहिल्या प्रकारच्या साधनांची जितकी स्पर्धा होईल तितकी समाजाला हितकर. दुसऱ्याची स्पर्धा नाटकाच्या थिएटरात पुढच्या रांगेने उभे राहण्यासारखी आहे. मागोमाग सगळे उभे राहतात, दिसते पूर्वीइतकेच, आणि पाय मात्र सर्वांचे दुखतात.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’तील आधिभौतिक सुखवादाच्या प्रकरणात स्वार्थाच्या पायऱ्या दाखविल्या आहेत. नुसता स्वार्थ, आणि त्याच्या वर दूरदृष्टीचा स्वार्थ. दूरदृष्टीच्या स्वार्थानेही आमचा मुद्दा पटवून देता येईल. गाडीतला मनुष्य केव्हातरी गाडीतून उतरतोच. त्याची मुले शाळेच्या बसपर्यंत पायीच जातात. आमच्या वसाहतीची क्वार्टर्स बांधली गेली तेव्हा मोटारी मोजक्या होत्या. आज गल्लीच्या दोन्ही कडांना गाड्या उभ्या असतात आणि मुले मधल्या पट्ट्यात सायकली चालवितात. उंच बॉनेटमागे बसलेल्या बापाला पुढ्यातले चार वर्षांचे मूल दिसत नाही. ते मूल शेजाऱ्याचे असेल, तसे त्याचे स्वतःचेही असू शकेल.

परंतु केवळ या युक्तिवादावर आम्ही थांबू इच्छीत नाही. वसाहतीच्या फाटकावर रात्रपाळी करणारा पहारेकरी पहाटे सायकलीने रिंग रोड ओलांडून घरी जातो. तो कधी मोटार घेईल असे वाटत नाही; आपल्याला त्याच्या जागी उभे राहण्याची पाळी येण्याचा संभवही थोडा. दूरदृष्टीचा स्वार्थ त्याच्यापाशी संपतो आणि नीतीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. त्याचा जीव आमच्या मुलीच्या जिवाइतकाच मोलाचा आहे, हे वाक्य आपण सभेत सहज बोलतो. गाडीची निवड करताना ते वाक्य खरे मानावयाचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

या विवेचनावरून मोठी गाडी घेणारा प्रत्येक मनुष्य दोषी ठरतो, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सात माणसांच्या कुटुंबाला मोठी गाडी लागते. डोंगराळ भागात नोकरी असलेल्याला दमदार गाडी लागते. आमचे म्हणणे एवढेच की, गरज सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर आहे. शोरूममध्ये गेल्यावर आपण एअरबॅग किती, तारे किती, हप्ता किती, हे विचारतोच. त्यांत आणखी तीन प्रश्नांची भर घालावी. ही गाडी लवकर आणि सरळ थांबते काय? हिच्या चालकाला समोरचे लहान मूल दिसते काय? आणि हिचे वजन व उंची आपल्या गरजेपुरती आहे, की आपल्या भीतीपुरती? विक्रेत्याला यांची उत्तरे पाठ नसतील. ग्राहक वारंवार विचारू लागले म्हणजे तो पाठ करील, आणि मग कारखान्यालाही ती द्यावी लागतील.

आमच्या घरीही येत्या वर्षी गाडी घेण्याचा विचार आहे. आमची पत्नी रंगाचा विचार करीत आहे, कन्येला छत उघडणारी गाडी हवी आहे. आम्ही फूटपट्टी घेऊन बॉनेटची उंची मोजणार आहोत. विक्रेता हसेल, हसो बिचारा.