गरम पाण्याचा दर

नामचे बाजार सोडून वर निघालं की गरम पाण्याला दर लागतो, आणि तो प्रत्येक मुक्कामाला चढत जातो. एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर लोबुचे गाठेपर्यंत, म्हणजे ४,९०० मीटरच्या वर, थर्मासभर पाण्याचे पैसे ऐकून आपल्याकडचे गट हमखास कुरकुरतात. ‘पाण्याचे कसले एवढे? लुटतात नुसते!’ विमानाचं तिकीट, बूट, जॅकेट यांवर हात सैल सोडून आलेली माणसं लॉजच्या दिदीशी घासाघीस करायला बसतात.

पाणी झऱ्याचंच असतं. पैसे पडतात ते आगीचे. पायवाट सुरू होते त्या लुक्लाच्या पुढे गाडीरस्ता नाही. या वाटेवरचं सागरमाथा हे १९७६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे जळणासाठी रान तोडायला मोकळीक नाही आणि ती असूही नये. शिवाय चार हजार मीटरच्या वर गेलं की झाडंच संपतात. उरतं ते याकचं वाळलेलं शेण, नाहीतर खालून आणलेला गॅस. तो सिलिंडर जनावराच्या पाठीवर नाहीतर माणसाच्या पाठीवर चढतो. डोको नावाची बुरुडी टोपली, तिला तोलणारा कपाळावरचा पट्टा आणि हातात आखूड काठी. दम लागला की भरिया, म्हणजे हमाल, ती काठी टोपलीखाली टेकवून उभ्याउभ्याच थांबतो, कारण एवढं ओझं जमिनीवर ठेवलं तर पुन्हा उचलणं मुश्कील. नामच्याच्या बाजाराला माल नेणाऱ्या या हमालांचा अभ्यास २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. पुरुषांच्या पाठीवरचं ओझं सरासरी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या ९० टक्क्यांहून जास्त भरलं. दर चढतो तो या पाठींवरून.

इकडे गाइड सकाळपासून ‘पाणी प्या, पाणी प्या’ म्हणून मागे लागलेला असतो, आणि त्याचं बरोबरच आहे. हवा कोरडी, श्वास भराभर चालतो, घाम वाळून जातो म्हणून जाणवत नाही. दिवसाला तीन-चार लिटर पोटात जायला हवं. दहा जणांच्या गटाचं ते तीस-चाळीस लिटर झालं, आणि सगळं उकळूनच हवं म्हटलं तर हिशेब कुठे जातो ते बघा. साधा उपाय म्हणजे गार पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, पाणी फारच गार असेल तर आणखी थोडं. चव जराशी दवाखान्यासारखी लागते, त्याला इलाज नाही. रात्री झोपण्याच्या पिशवीत ठेवायला एक बाटली गरम घ्यावी आणि तिचे पैसे मुकाट द्यावेत. बाटलीबंद पाणी मात्र नकोच. ते चढवायचंही कुणीतरी आणि रिकामी बाटली उतरवायचीही कुणीतरी.

जेवणाचं तर विचारू नका. एका चुलीवर दहा जणांच्या दहा फर्माइशी: एकाला मोमो, एकाला पिझ्झा, एकाला लसणाचं सूप. (लसणाने उंचीचा त्रास टळतो, अशी तिथे पक्की समजूत आहे. सूप गरम असतं आणि त्यात पाणी असतं, एवढं पुरेसं आहे.) उंचीवर भूक मरते, तेव्हा निम्मं ताट परत गेलं तर त्यात माज असतोच असं नाही. पण डाळ-भात मागवला तर भात-डाळ पुन्हा वाढायला येतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आधी थोडंच घ्यावं. सगळ्यांना वाढून झालं की गाइड जेवायला बसतो, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

भरियाचं जेवण त्याहून आडबाजूला. अनेकदा ते त्याच्या रोजातूनच भागवायचं असतं. त्याला दर कमी लावतात हे खरं, पण वर जाईल तसा तोही चढतोच. जितकं कमी खाईल तितकं घरी जास्त नेईल, असा हा व्यवहार आहे, आणि तो आपली बॅग वाहतानाचा आहे. त्या बॅगेत आपला चिवडा, चकल्या, बेसनाचे लाडू. वरच्या विरळ हवेत चिवड्याची सीलबंद पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगतात, सगळे हसत फोटो काढतात. काढावेत. पण वाटेत डिंगबोचेच्या मुक्कामाला पाकीट फोडलं की पहिली मूठ कुणाच्या हातावर पडते?

बुकिंग करताना आपण बारकाईने विचारतो: जैन जेवण मिळेल का, सकाळचा चहा खोलीवर येईल का, सूप रोज असेल का. भरियांचं खाणं-राहणं पॅकेजमध्ये धरलंय का, हेही त्याच फोनवर विचारता येतं. उत्तर टोलवलं गेलं तर दुसरीकडे फोन करावा. तिथे दर चार पैसे जास्त निघाला तर तो कशाचा, हे आधी ऐकून घ्यावं. घासाघीस नंतरही करता येते.