शाकारणी कोणी करावी?

वैशाख सरत आला की पेडणे-डिचोलीकडील घरांत दोन कामांची घाई उडते. एक पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, दुसरे शाकारणीचे. छपरावर चढून फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली नीट बसवावयाची, पन्हळीतला पाचोळा काढावयाचा, वाळवी लागलेली रीप नवी घालावयाची. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. म्हणून मे महिन्यात जे राहिले ते वर्षभर राहिलेच.

अशाच एका मे महिन्यात आम्ही पेडणे तालुक्यातील एका गावी परिचयाच्या वृद्ध मावशींकडे गेलो होतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तीन पातेली पालथी घातलेली दिसली. पाऊस लागला की ती उलथून गळतीखाली ठेवावयाची, असा त्यांचा नेम. “शाकारणी का करीत नाही?” असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “घर सगळ्यांचं आहे. मी एकटीनं हात लावला तर म्हणतील, म्हातारीनं घर आपलं केलं.”

त्या घराचे वारस सात. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास. चवथीला सर्व जमतात. माटोळी बांधताना नजर वर जाते, काळे पडलेले वासे दिसतात, सारे हळहळतात. पण भाद्रपदातल्या ओल्या छपरावर चढणार कोण? आणि मे महिन्यात, जेव्हा चढता येते, तेव्हा ह्यांपैकी तेथे कोणीच नसते.

गोव्यात मुलगा व मुलगी यांना समान वाटा आहे. 1870 पासून लागू असलेल्या पोर्तुगीज दिवाणी कायद्याची ती देणगी; आता वारसाचे नियम 2012 च्या राज्य कायद्यात आहेत. ही न्यायाचीच गोष्ट होय. परंतु हक्काचे सात भाग सहज होतात, कर्तव्याचे सात भाग कोणी मागत नाही.

घर एका दिवसात पडत नसते. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरास कौलांचा कारखाना काढला. तेव्हापासून ही मंगळुरी कौले आपल्या किनाऱ्यावर पसरली. चांगले कौल पिढ्यानपिढ्या टिकते, पण एक फुटले की थेंब रिपेवर पडतो. रीप कुजते, वाळवी चढते, कौलांची रांग घसरते, पाणी भिंतीत मुरते. चिरे मातीत बांधलेले असले तर माती धुपून एका रात्री भिंत बसते. आरंभी चार कौलांचे काम होते.

“जो राहतो त्याने खर्च करावा,” असे पुष्कळ जण म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. पण वसते घर टिकते, हेही तितकेच खरे. रोज केर काढून, चूल पेटवून, दारे-खिडक्या उघडून मावशींनी सातांचेही घर उभे ठेवले आहे. त्यांचा वाटा त्या केव्हाच देऊन बसल्या आहेत.

नियमशास्त्रात नव्या घराच्या धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा आहे (अनुवाद 22:8). वरून कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो. ही आज्ञा कोणी पडेपर्यंत थांबत नाही, आणि पडणारा वाटेकरी आहे काय, असेही विचारीत नाही. आपली छपरे उतरती. तेथे धोका वर चढणाऱ्याला नव्हे, खाली निजणाऱ्याला असतो. पण आज्ञेचा अर्थ तोच. शेजाऱ्यावरची प्रीती त्याला इजा होण्यापूर्वी दाखवावयाची असते. असे काम कोणाला दिसत नाही व त्याचे आभारही कोणी मानीत नाही. म्हणूनच ते राहून जाते.

छपरावर चढणारे जाणते हात आता थोडे उरले आहेत व मजुरी महाग झाली आहे, हे आम्ही जाणतो. तरी प्रत्येक वाटेकऱ्याने दोन गोष्टी कराव्या. ईस्टरच्या सुमारास आपल्या हिश्शाची रक्कम पाठवावी. आणि दुरुस्तीवरून हक्काचा वाद आपण काढणार नाही, असे लेखी कळवावे. मावशींना पैशाइतकीच त्या दोन ओळींची गरज होती.

हे आम्ही परक्यांच्या घरावर बोट ठेवून लिहीत नाही. आमच्याही वडिलार्जित घरात थोरले बंधू राहतात. सुटीत गेल्यावर “सर्व ठीक ना?” असे विचारून आम्ही परत येत असू, आणि ते “ठीक” म्हणत. त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही त्यांना पैसे पाठविले व पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले तेव्हा कळले की माजघर चार वर्षे गळत होते.

वाचकहो, आपल्या वाट्याच्या छपराखाली कोण निजते, ह्याची चौकशी मे संपण्यापूर्वी करा.